दिवेलागणीचा ताप

बातमी आली तेव्हा मी सुजाताताईच्या गोठ्यात होते. दुपार कलली होती, चाऱ्याचं टोपलं काखेत होतं आणि फोन वाजला. विनय, ताईचा धाकटा भाऊ, मुंबईच्या हॉस्पिटलातून बोलत होता. "रेखा, ताई गेली. ऑपरेशनला न्यायच्या आधीच." फोन बंद करून मी टोपलं खाली ठेवलं आणि भिंतीला टेकून उभी राहिले. मग डोळे पुसून बाहेर आले तर पलीकडच्या बांधावर पार्वतीकाकी उभ्या होत्या. मी अजून कुणाला काही सांगितलं नव्हतं, रडण्याचा आवाजही काढला नव्हता. काकी माझ्याकडे बघत हळूच म्हणाल्या, "गेली काय गो सुजाता?"

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"सांगणार कोन? गाय गप झाली."

तेव्हा कुठे माझ्या ध्यानात आलं. चंद्री, ताईची सगळ्यात थोरली गाय, ताईला मुंबईला नेल्यापासून सारखी हंबरत होती. त्या सकाळी मला जाग आली तीही तिच्याच आवाजानं. इतक्या दिवसांत तो आवाज घराला असा चिकटून गेला होता की तो कधी थांबला ते मला कळलं नाही, बांधापलीकडे मात्र कळलं. मी मागे वळून पाहिलं. चंद्री चाऱ्याला तोंड न लावता नुसती उभी होती...

हे लिहितानाही मला थोडा संकोच वाटतो. आजोबांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली त्या दिवसापासून आमच्या घरात भुताखेतांना आणि अंगाऱ्या-धुपाऱ्यांना थारा नाही. मी रत्नागिरीत शाळेत विज्ञान शिकवते, कारणाशिवाय काही घडत नाही हे मुलांना सांगण्यात माझं आयुष्य गेलंय. ताईच्या आजारातही सगळ्याला कारण होतं, नाव होतं, औषध होतं. तरीही त्या वर्षातल्या काही गोष्टी आठवल्या की आजही अंगावर काटा येतो. कारण माहीत असून भीती जात नाही, हे मी ताईच्या आजारात शिकले.

सुजाताताई माझी मावसबहीण, माझ्याहून बरीच मोठी. भगवान बुद्धांना खीर देणारी सुजाता, म्हणून तिच्या वडिलांनी हौसेनं तिचं हे नाव ठेवलं होतं. ती मुंबईत टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. कानाला ते यंत्र लावून उभ्या देशाचे आवाज एकमेकांना जोडून देण्यात तिची उमेदीची वर्षं गेली. लग्न केलं नाही. भावाला शिकवलं, त्याचा संसार मांडून दिला, आणि एक दिवस मुदतीआधीच नोकरी सोडून गावी आली. गणपतीपुळ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरचा कातळाचा सडा, म्हणजे उघडं पठार, ओलांडला की डाव्या हाताला एक वाट खाली उतरते. तिथे आमची बौद्धवाडी. वाडीच्या टोकाला ताईचं चिऱ्याचं घर, पुढे पडवी, मागे गोठा, आणि गोठ्याच्या मागे बांध. बांधापलीकडे कुणब्यांची वाडी.

गायी पाळायचं तिच्या डोक्यात कधीपासून होतं कोण जाणे. मुंबईत ती म्हणायची, "मला आता असं काहीतरी करायचंय ज्याला तोंड आहे आणि जे बोलत नाही." गावठी गायींचं दूध जेमतेम, म्हणून तिनं एका दलालाकरवी घाटावरून मोठ्या, दुभत्या गायी आणवल्या. अंगानं भरलेल्या, मऊ कानांच्या, शांत डोळ्यांच्या. त्या टेम्पोतून उतरल्या तेव्हा अख्खी वाडी बघायला जमली होती. त्यांचं रक्त तपासलंय का, कालवडी असताना त्यांना लस टोचली होती का, हे विचारायचं असतं हे आमच्यापैकी कुणाला माहीत नव्हतं. गाय दिसायला चांगली होती, एवढं पुरेसं होतं.

आता जे सांगते ते नीट सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. आमच्या आयांच्या काळात बांधापलीकडे आमच्या घरातलं काही घेतलं जात नसे. काही द्यायचं झालं तर ते वरून, हात न लागता. कुणी भांडून तसं सांगत नसे. ते तसंच होतं, कातळ जसा असतो तसं. आता काळ बदललाय, पोरं एका शाळेत एका पंगतीत जेवतात, लग्नाला बोलावणी येतात. पण लग्नाला जाणं वेगळं आणि दुसऱ्याच्या चुलीवरचं, गोठ्यातलं रोज तोंडात घेणं वेगळं. ताईच्या गायी आल्यावर पहिले काही महिने फक्त आमच्या वाडीतली माणसं दूध नेत. मग एका सकाळी तिचा फोन आला. आवाज इतका हलका की मला वाटलं रात्रभर झोपली नसेल. "रेखा, आज पार्वतीकाकी आल्या होत्या. मनालीला दिवस गेलेत. म्हणाल्या, सुनेला निरसं दूध द्यायचं हाय, पिशवीचं नको. आणि त्यांनी रिकामा तांब्या माझ्या ओट्यावर ठेवला, गो. स्वतःच्या हातानं."

त्यानंतर बांधावरून रोज वाट पडली. पार्वतीकाकींच्या मागून आणखी तीन-चार घरं आली. निरसं म्हणजे न तापवलेलं, धारेचं, अजून फेस न मोडलेलं दूध. पोटुशीला ते द्यावं असं आपल्याकडे जुनी माणसं सांगतात. ताई पहाटे मनालीचा तांब्या आधी भरायची आणि मगच स्वतःचा कप घ्यायची, तोही निरसाच.

पुढे पावसाळा सरता सरता चंद्री गाभडली. सातवा महिना होता तिचा. वासरू पूर्ण झालेलं होतं. अंगावर ओली लव, पापण्यांना केस, चारी खूर पांढरे आणि मऊ. फक्त श्वास नव्हता. वार पडेना. जनावरांचे डॉक्टर दुसऱ्या गावी अडकले होते, ते पोचेपर्यंत ताईनं स्वतः हात घालून वार ओढून काढली. उघड्या हातांनी, कोपरापर्यंत. नंतर मला म्हणाली, "वासरू चाटून चाटून चंद्रीची जीभ सोलली. ते उठेल असं तिला वाटत होतं."

एखादी गाय गाभडते, असं होतं. पण महिन्याभरात दुसरी गाभडली, आणि भात कापणीला आलं तेव्हा तिसरी. प्रत्येक वेळी तसंच पूर्ण झालेलं, न श्वसलेलं वासरू. तिसऱ्या वेळी मी तिथे होते. संध्याकाळची वेळ, गोठ्यात पिवळा दिवा, आणि बाकीच्या गायी भिंतीकडे तोंड करून उभ्या. एकही वळून बघत नव्हती. जनावरांचे डॉक्टर आले, त्यांनी रक्त घेतलं, ते पुढे पाठवायचं होतं, निकालाला वेळ लागणार होता. मेलेलं वासरू चुना घालून खोल पुरा एवढं मात्र त्यांनी निक्षून सांगितलं. आम्ही बांधाशी खड्डा करत असताना पलीकडे माणसं जमली. कुणीतरी म्हणालं की जागा लागली. कुणी म्हणालं की बाहेरची जनावरं आणली आणि जागेच्या राखणदाराला विचारलं नाही, नारळ ठेवा, गाऱ्हाणं घाला. ताई नम्रपणे म्हणाली, "आमच्यात ते करत नाहीत." पण घरात आल्यावर ती बराच वेळ हात धूत राहिली, आणि माझ्याकडे पाठ ठेवूनच तिनं विचारलं, "रेखा, तुला खात्री आहे ना, असं काही नसतं?"

"नसतं ताई."

"मग ह्या घरात जन्माला येताना सगळ्यांचा श्वास का थांबतोय?"

उत्तर तोवर तिच्या रक्तात पोचलं होतं, हे दोघींनाही माहीत नव्हतं.

ताप त्यानंतर सुरू झाला. तो दिवसा नसायचा. सकाळी ताई उठायची, थोडी थकलेली, पण हसती-बोलती. मी सुट्टीला गेले की आम्ही दोघी मिळून स्वयंपाक करायचो, आणि वाटायचं की उगाच घाबरलो. मग सूर्य समुद्राकडे कलायला लागला की ती बोलता बोलता थांबायची. पडवीतल्या खुर्चीवर बसून शाल ओढून घ्यायची आणि म्हणायची, "आला." एखादा ओळखीचा माणूस पायवाटेनं वर येताना दिसावा तसं. थोड्याच वेळात दातावर दात वाजायला लागत. मी एक गोष्ट पाहिली आहे, ती सांगते. "आला" म्हणायच्या थोडं आधी गोठ्यातल्या गायी एकामागून एक उठून उभ्या राहत. त्यांच्या चाऱ्याची वेळ तीच असेल. तसंच असणार. पण मी चाऱ्याच्या वेळेच्या आधीही त्यांना उठताना पाहिलंय.

थंडी ओसरली की घाम फुटायचा, आणि तसा घाम मी कुणाचा पाहिला नाही. कपडे बदलावे, चादर बदलावी, तरी गादीपर्यंत ओल. त्या घामाला वास होता. पावसात भिजून कुबट झालेल्या पेंढ्याचा. पहिल्यांदा मला वाटलं गोठ्यातून येतोय, म्हणून मी खिडकी लावली. खिडकी लावल्यावर वास वाढला. पुढे डॉक्टरांनी सांगितलं की ह्या रोगात घामाला असा वास येतो, जुन्या पुस्तकांत तो लिहून ठेवलाय. पण तेव्हा आम्हाला ते ठाऊक नव्हतं. आम्ही अंथरूण उचलून बघितलं, खाटेखाली बघितलं. पेंढ्याची एक काडीही नव्हती.

दोन आठवडे असा ताप यायचा आणि मग एकाएकी यायचा बंद व्हायचा. आम्ही सुटकेचा श्वास टाकायचो. ताई पुन्हा गोठा झाडायला लागायची. आणि मग एखाद्या संध्याकाळी, भाजी चिरता चिरता, तिचा हात थांबायचा... मलेरियाची तपासणी झाली, टायफॉइडची झाली, लेप्टोची झाली, कारण आपल्याकडे भाताच्या दिवसांत तोच आधी आठवतो. सगळं निरंक. कंबर धरली, बोटांचे सांधे सुजले, डाव्या हाताची करंगळी वाकली ती सरळ होईना. एका डॉक्टरांना क्षयाची शंका आली, एकांनी हळूच विचारलं की बाई एकट्या राहतात, मनावर काही ताण आहे का. तसं विचारण्यात त्यांची चूक नव्हती, कारण ताई बदलली होती. ती गप्प गप्प झाली होती, कारण नसताना डोळ्यांत पाणी यायचं. एकदा ताप चढत असताना मला म्हणाली, "कानात लाईन उघडी आहे गो."

"म्हणजे?"

"पलीकडे कुणी फोन उचललाय आणि बोलत नाहीये. नुसता श्वास ऐकू येतो. एक्स्चेंजला असं व्हायचं कधी कधी. मी हॅलो हॅलो म्हणायची, मग लाईन काढून टाकायची. ही मला काढता येत नाही."

शेवटी मी तिला रत्नागिरीत एका फिजिशियनांकडे नेलं. वयस्क, कमी बोलणारे गृहस्थ. त्यांनी पोट दाबून पाहिलं, प्लीहा वाढलीय म्हणाले, आणि रक्त कल्चरला पाठवलं. कल्चर म्हणजे रक्त पोषक पाण्याच्या बाटलीत घालून ऊब देऊन ठेवायचं आणि त्यात काही वाढतंय का याची वाट पाहायची. टायफॉइडसारखे जंतू लवकर वाढतात. ताईची बाटली गप्प राहिली. मी रोज विचारायची, रोज उत्तर यायचं, अजून काही नाही. मी आशा सोडली होती. आणि एका दुपारी, शाळेत मधली सुट्टी असताना, डॉक्टरांचा स्वतःचा फोन आला. नमस्कार-चमत्कार काही नाही. "तुमच्या बहिणीकडे गुरं आहेत का?"

"आहेत."

"अलीकडे त्यांच्यातली कुणी गाभडली का?"

मी त्यांना गोठ्याविषयी एक शब्द सांगितला नव्हता. ताईनं तर नाहीच, कुणाला सांगायची तिला लाज वाटायची. मी व्हरांड्यात उभी होते, समोर पोरं खेळत होती, आणि मला वाटलं कुणीतरी मागून येऊन खांद्यावर हात ठेवलाय. "तुम्हाला कसं कळलं?" मी विचारलं.

"रक्तानं सांगितलं," ते म्हणाले. "बाटलीत ब्रुसेला वाढलाय. हा जंतू गुरांचा. गाभण गाय पाडतो, आणि तिच्या दुधातून, वारेतून, रक्तातून माणसात येतो. एरवी नुसत्या अँटिबॉडी सापडतात. इथे जंतू स्वतः रक्तात फिरतोय." प्रयोगशाळेतल्या माणसांनाही आता जपावं लागेल, असंही ते म्हणाले, कारण उघड्यावर बाटली हाताळली तर तो हवेतूनसुद्धा माणसाला धरतो. जे गोठ्यात सुरू झालं ते एका बाटलीतून शहरातल्या बंद खोलीपर्यंत पोचलं होतं.

संध्याकाळी मी ताईला घेऊन त्यांच्याकडे गेले. त्यांनी सगळं समजावलं. दोन गोळ्या दीड महिना, सोबत सुरुवातीला इंजेक्शनं, बरं वाटलं तरी एकही गोळी सोडायची नाही, कारण हा जंतू पेशींच्या आत दडून बसतो आणि परत येतो. माणसाकडून माणसाला सहसा होत नाही. नीट उकळलेल्या दुधात तो मरतो. ताई ऐकत होती, तिच्या चेहऱ्यावर मला चक्क सुटका दिसली. राखणदार नव्हता, जागा नव्हती, एक जंतू होता. मग डॉक्टरांनी विचारलं, "निरसं दूध तुमच्याशिवाय कोण पीत होतं?"

तिचा चेहरा कसा उतरला ते मी विसरू शकत नाही. ती म्हणाली, "बांधापलीकडे एक पोटुशी मुलगी आहे."

गाडीत बसल्यावर मी म्हटलं की मी फोन करून सांगते, किंवा आरोग्य केंद्रातली माणसं सांगतील. ती खिडकीबाहेर बघत राहिली. "काय सांगतील ते? बौद्धवाडीतल्या गोठ्यातलं दूध पिऊ नका. आणि ते कुणी कसं ऐकेल, तुला माहीत नाही?" मला माहीत होतं. एवढ्या पिढ्यांनी एकदा तांब्या ओट्यावर आला होता, आणि त्या तांब्यातून हे गेलं होतं. "मी जाईन," ती म्हणाली. "माझ्या गायी, माझं दूध."

दुसऱ्या दिवशी सकाळी, ताप नसताना, आम्ही दोघी बांध ओलांडून गेलो. ताईला चालवत नव्हतं, कमरेपाशी हात धरून ती एकेक पाऊल टाकत होती. पार्वतीकाकींच्या खळ्यात सुपारी वाळत घातली होती. काका ओटीवर होते, मनाली दारात येऊन उभी राहिली, एक हात पोटावर. ताई बसली नाही. उभ्यानंच, शांतपणे, जे होतं ते तिनं सांगितलं. गायींना रोग आहे, मला झालाय, दुधातून जातो, मनालीचं रक्त आजच तपासायला हवं, उशीर केला तर मूल जाऊ शकतं.

मग काका जमिनीकडे बघत म्हणाले, "तरी जुनी मान्सं सांगत व्हती..." आणि थांबले.

मी पुढे सरसावले. ताईनं माझा दंड दाबला. "काका, तुमचं वाक्य पुरं करा हवं तर," ती म्हणाली, "मी ऐकून घेईन. फक्त मनालीला आत्ता रत्नागिरीला घेऊन जा. गाडी मी बोलावून ठेवलीय, वर रस्त्यावर उभी आहे."

काकांनी वाक्य पुरं केलं नाही. पार्वतीकाकींनी आत जाऊन मनालीची चप्पल आणली आणि तिच्या पायांपुढे ठेवली. "चल गो," एवढंच म्हणाल्या. जाताना त्यांनी ताईकडे बघितलं नाही.

त्याच दिवशी ताई दूध नेणाऱ्या प्रत्येक दारात गेली. दोन घरांनी दार उघडलं नाही. एका ठिकाणी आतून म्हातारीचा आवाज आला, "तिला म्हनावं अंगनात थुकू नको." मी तिथेच रडले, ताई नाही. मनालीच्या रक्तात रोग निघाला. पलीकडच्या वाडीतल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांची कितीतरी दिवसांची पाठदुखी तीच निघाली. आमच्या वाडीतल्या एका मुलीलाही निघाला. सगळ्यांना औषधं सुरू झाली, मनालीला गरोदरपणात चालतील अशी वेगळी. बांधावरची वाट गवतानं बुजली. ताई संध्याकाळी तापात त्या बाजूला कान लावून बसायची. मनाली खोकली तरी तिला कळायचं.

गायींचे निकाल आले, जवळजवळ सगळ्या बाधित. त्यांना वेगळं ठेवा, गाभण करू नका, बाजारात विकू नका. औषधानं जनावर बरं होत नाही. तोच दलाल एक दिवस दारात आला, म्हणाला मी नेतो, लांबच्या बाजारात कुणाला कळणार नाही. ताई त्या दिवशी फणफणली होती, पण पडवीच्या पायरीपर्यंत आली. "कुणाच्या तरी गोठ्यात बांधल्या जातील ना ह्या? तिथेही एखादी पोटुशी असेल," ती म्हणाली. "माझ्याकडेच मरू देत." म्हणून गायी राहिल्या. खाणाऱ्या, उभ्या राहणाऱ्या, पुन्हा कधी न विणाऱ्या.

मनालीला थंडीच्या शेवटी मुलगी झाली. सुरुवातीला ती रडली नाही, सुईणबाईंनी आणि डॉक्टरांनी तिला उलटं-सुलटं केलं, आणि त्या क्षणांविषयी पार्वतीकाकींनी मला पुढे एकदाच सांगितलं. "माज्या डोल्याम्होर त्या गायींची वासरं आली बघ. तशीच लव व्हती अंगावर." मग बाळ रडलं. ती बातमी ताईला बांधावरून कुणी ओरडून सांगितली नाही. तिनं रडणं ऐकलं, घरी आणल्यावर, एका दुपारी. फोन करून मला म्हणाली, "आवाज चांगला मोठा आहे."

ताईनं स्वतःच्या सगळ्या गोळ्या घेतल्या. एकही सोडली नाही. मळमळ सोसली, गोळ्यांनी लघवी लाल व्हायची तीही चेष्टेवारी नेली. ताप गेला, घाम गेला. होळीच्या सुमारास ती चालायला लागली आणि मला वाटलं की आता हे संपलं. मग तिला दम लागू लागला. आधी चढावर, मग पडवीच्या पायऱ्यांवर, मग आडवं झाल्यावरही. रत्नागिरीच्या डॉक्टरांनी हृदयाची सोनोग्राफी करवली आणि पडद्यावर मला दाखवलं. झडपेच्या कडेला काहीतरी हलत होतं, ओढ्यात दगडाला शेवाळ हलतं तसं. जंतू तिथे आधीच, अगदी पहिल्या महिन्यांत पोचला असणार, असं ते म्हणाले. ह्या रोगानं माणसं फारशी मरत नाहीत, पण मरतात ती बहुधा ह्याच ठिकाणी. झडप बदलावी लागेल. विनय गाडी घेऊन आला. निघताना ताईनं मला फक्त गायींचं सांगितलं, कुणाला किती चारा, कोण लाथ मारते. स्वतःविषयी एकच वाक्य बोलली. गाडीत बसताना पडवीतल्या त्या खुर्चीकडे बघून म्हणाली, "आज संध्याकाळी मी इथे नसेन, तो येऊन परत जाईल."

विनयनं तिचा देह गावी आणला. बौद्धाचार्यांनी त्रिशरण-पंचशील म्हटलं. वाडी जमली होती. आम्ही निघण्याच्या बेतात होतो तेव्हा बुजलेल्या वाटेनं, गवत तुडवत, पार्वतीकाकी आल्या. मागे काका, मागे मुलीला घेतलेली मनाली. काका दारात थांबले, पायताण काढलं आणि आत येऊन मुठीतली फुलं ताईच्या पायांशी ठेवली. पुण्यानुमोदनाच्या दिवशी, म्हणजे ताईच्या स्मरणाच्या जेवणाला, ती तिघं आमच्या पंगतीत जेवली. पार्वतीकाकींनी खीर दुसऱ्यांदा मागून घेतली. मनालीनं बोटाचं टोक बुडवून मुलीच्या ओठांना लावलं.

ह्याला आता दोन महिने होतील. मी दर शनिवारी गावी जाते. इतर दिवशी गायींना चारा पार्वतीकाकी घालतात, मी त्यांना विचारलं नव्हतं. मागच्या शनिवारी पोचायला उशीर झाला, उन्हं उतरली होती. गोठ्याला वळसा घालून मागे गेले आणि थबकले. भिंतीशी कुणीतरी दोन्ही हात वर करून उभं होतं. ते ताईचे हातमोजे होते. रोग कळल्यापासून ती गोठ्यात रबराचे कोपरापर्यंतचे मोजे घालायची. धुऊन, बोटांना चिमटे लावून, तारेवर उलटे वाळत घालायची. समुद्राकडून वारा आला की ते फुगत, बोटं एकेक करून ताठ होत. डाव्याची करंगळी मात्र फुगूनही वाकडीच राहिली होती.

पार्वतीकाकी मागून आल्या. "मी पन रोज दचकते," त्या म्हणाल्या.

"मग काढून का नाही ठेवले?"

"काढले व्हते. दोन दिस गुरांनी चाऱ्याला तोंड लावलं नाय."

मी येताना त्यांच्यासाठी नवे मोजे आणले होते, त्यांच्या मापाचे. त्यांनी ते घातले, टोपलं उचललं आणि गोठ्यात गेल्या. गायी बसून होत्या. मी जुने मोजे तारेवरून काढले, घडी करायला घेतली. उन्हात राहून रबर कोमट झालं होतं. आतून काकींचा आवाज आला, चुचकारण्याचा, मग टोपलं जमिनीवर टेकवल्याचा. एकही गाय उठल्याचा आवाज आला नाही.

मी घडी उलगडली आणि चिमटे परत लावले. वारा आल्यावर आत पहिली गाय उठली.